इंदूरहून मराठी पुस्तकं: आमची वाटचाल

पुण्याच्या एका प्रदर्शनात आमच्या प्रकाशनाच्या स्टॉलवर एक गृहस्थ आले, पुस्तक हातात घेतलं, चाळलं, मागचा पत्ता वाचला आणि म्हणाले, "इंदूर? तिकडे मराठी वाचतं का कोणी?" मी त्यांना तिथेच सांगितलं की काका, आमच्या गावात १९१७ साली साहित्य संमेलन भरलंय, मग १९३५ ला भरलं आणि २००१ ला ७४ वं भरलं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. ते हसून पुढच्या स्टॉलवर गेले. पुस्तक घेतलं नाही. तेव्हापासून मी मुखपृष्ठावरच संस्थेच्या नावाखाली "इंदूर" ठळक छापते, आतल्या पानावर बारीक अक्षरात नाही.

२००१ च्या संमेलनात मी स्वयंसेवक होते, पुस्तकांच्या गाळ्यांवर चहापाणी बघायचं काम. तीन दिवस बघत होते, इंदूरचे लोक पिशव्या भरभरून पुणे-मुंबईची पुस्तकं नेतायत आणि इंदूरचे लिहिणारे बाजूला उभे राहून एकमेकांना सांगतायत की माझं हस्तलिखित आठ वर्षं कपाटात पडलंय. तेव्हा मी खजुरी बाजारजवळच्या एका प्रेसमध्ये प्रूफं वाचायचे, फॉर्म्यामागे (फॉर्मा म्हणजे एकत्र छापून दुमडलेली सोळा पानं) पैसे मिळायचे. म्हणलं, एवढं सगळं करतोच आहोत दुसऱ्यांसाठी, मग आपलंच प्रकाशन का नको.

२००२ मध्ये सुरुवात केली ती दोघांनी. दुसरे म्हणजे आमचे बाइंडर चाचा, बोहरी, सियागंजच्या मागे त्यांची एक खोली, त्यात एक कटर, एक शिलाईचं मशीन आणि छतापर्यंत कागद. माझ्याकडे पैसे नव्हते, त्यांनी पहिल्या तीन पुस्तकांचं बाइंडिंग उधारीवर केलं आणि बदल्यात चार आणे भागीदारी. कागदावर काही लिहिलं नाही, आजपर्यंत नाही. मराठी त्यांना समजतं, वाचायला अडखळतात, पण चुकीचा फॉर्मा त्यांच्या हातून कधी सुटला नाही. प्रत्येक फॉर्म्याच्या पाठीवर आपण काळी खूण टाकतो ना, एकाखाली एक, फॉर्मे जुळवले की पाठीवर जिन्यासारखी पायरी दिसते, ती पायरी कुठे तुटली की चाचा लांबूनच म्हणायचे, "बेन, सातवा आठव्याच्या जागी बसलाय." नवीन मुलं पुस्तक उघडून पान नंबर बघत बसतात, चाचा फक्त पाठ बघतात.

आणि एक हट्ट त्यांचा, शिलाईच करायची. तेव्हा सगळे परफेक्ट बाइंडिंगकडे वळलेले, पाठ घासायची, गरम गोंद लावायचा, कव्हर चिकटवायचं, झालं. स्वस्त पडतं, लवकर होतं. चाचा म्हणायचे, "गोंद का क्या भरोसा, धागा धागा होता है." प्रतीमागे खर्च वाढायचा आणि मी कुरकुर करायचे. माझाही एक हट्ट होता, समास मोठा ठेवायचा. डेमी साइजमध्ये (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाचं पुस्तक) लोक मजकूर कडेपर्यंत आणतात, पानं वाचवतात, मी चारही बाजूंनी पाऊण इंच सोडायचे. दोघांचे हे दोन हट्ट पुढे कसे कामाला आले ते सांगते.

आमचं पहिलं चाललेलं पुस्तक म्हणजे माळव्यातल्या मराठी घरांमधल्या पदार्थांचं. अक्षरजुळणी करणारा मुलगा हिंदी, हात फार वेगवान, पण ळ त्याच्या बोटाला माहीतच नाही. पहिलं प्रूफ आलं त्यात "कणीक मलून घ्या" आणि "गूल किसून घाला", पूर्ण १२ फॉर्म्यांत. शिवाय हिंदी फॉन्टमधला ल आणि श आपल्यासारखे नसतात, मराठी वाचकाच्या डोळ्याला ते खटकतात. चार वेळा प्रूफ वाचलं. माझं अवजार एकच, जुन्या पोस्टकार्डला मधोमध एका ओळीपुरती खिडकी कापलेली. ती खिडकी पानावर ठेवायची आणि एकच ओळ दिसेल अशी खाली सरकवत जायची, नाहीतर डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि अक्षर सुटतं. स्क्रीनवर प्रूफ वाचू नका, कितीही सवय असली तरी. कागदावर काढा, अक्षर १० पॉइंटचं असेल तर १४ वर काढा. हे कोणी विचारलं नव्हतं पण सांगते, कारण आजकाल नवीन पुस्तकांत "आणी" आणि "कि" छापलेलं दिसलं की जीव जळतो.

२००४ ते २०१६ नीट चाललं. वर्षाला चार-सहा पुस्तकं.

मग २०१७. एप्रिलमध्ये महाराष्ट्रातले एक मोठे वितरक इंदूरला कुठल्या लग्नाला आले होते, कोणीतरी त्यांना आमच्याकडे आणलं. नाव लिहीत नाही. तीन पुस्तकं निवडली, म्हणाले, ताई, हे आमच्याकडे धावेल, प्रत्येकी ६०० पाठवा. ५० टक्के कमिशन, ९० दिवसांची उधारी. मला आनंद एवढा झाला की मी लिखापढीत नीट बघितलंच नाही. साठा संपत आला होता, म्हणून तिन्ही पुस्तकं १००० ची पुन्हा छापली. ज्यांना या धंद्यात यायचंय त्यांच्यासाठी हिशोब देते. १९२ पानी डेमी म्हणजे १६ पानी १२ फॉर्मे, २३ बाय ३६ इंचाचा एक रीम (५०० ताव) कागद एका फॉर्म्याच्या १००० प्रतींना पुरतो, म्हणजे १२ रीम, वर छपाईचं नुकसान धरा. रीमचं वजन काढायचं तर लांबी इंचात गुणिले रुंदी इंचात गुणिले जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), भागिले ३१००. ७० जीएसएमला १८ किलो ७०० ग्रॅम येतं. कागदवाला किलोवर बिल लावतो, तेव्हा हे सूत्र तोंडपाठ पाहिजे, मी दोनदा त्याच्या बिलात चूक पकडलीय. तीन पुस्तकांचे ३६ रीम, सगळा कागद उधारीवर, आणि छपाईसाठी माझ्या बांगड्या गहाण.

१ जुलैला जीएसटी आला. छापील पुस्तकावर शून्य आणि कागदावर १२ टक्के, आणि पुस्तकावर टॅक्स नसल्यामुळे कागदावर भरलेला परत मिळत नाही, तो आमच्याच खिशातून. वितरकांना निमित्त मिळालं. सिस्टिम नवीन आहे ताई, अकाउंटंट नवीन आहे ताई, पुढच्या महिन्यात ताई. ९० दिवसांचे २०० झाले. नोव्हेंबरमध्ये मी स्वतः गेले, रात्रभर बसचा प्रवास करून. सकाळी ११ ला त्यांच्या ऑफिसात बसले ते ४ वाजेपर्यंत, चहा दोनदा आला, साहेब आले नाहीत. निघताना जिन्याखाली नजर गेली तर आमची बंडलं. सुतळी सोडलेलीसुद्धा नव्हती. चाचांची गाठ मी हजारात ओळखते, ते दोन वेढे देऊन तिसरा खालून काढतात, ती गाठ जशीच्या तशी. सात महिने मला सांगत होते पुस्तकं दुकानांत लागली आहेत. मी तिथे जिन्यात उभी राहून रडले, ते मला लिहायला लाज वाटत नाही.

ऑगस्ट २०१९ ला, भर पावसात, ट्रान्सपोर्टने परत आली ११४० पुस्तकं. टू-पे. म्हणजे त्यांचा नाकर्तेपणा आणि भाडं माझं. १८०० प्रतींचे आमच्या वाट्याचे १ लाख ८० हजार व्हायला पाहिजे होते, त्यांनी ६६० विकल्या म्हणून कबूल केलं आणि "डॅमेज" कापून ४१ हजारांचा चेक. डॅमेज! पाणी त्यांच्या जिन्याखाली शिरलं आणि पैसे आमचे कापले. बंडलं उघडली तर कडा पिवळ्या, कव्हरचं लॅमिनेशन सुटलेलं, काहींना बुरशी. कागदवाल्याचा माणूस त्याच आठवड्यात दारात येऊन बसला. घरात सगळे म्हणाले आता बंद कर, मुलाने तर मशीनच्या पार्ट्सच्या कंपनीत माझ्यासाठी नोकरीसुद्धा बघितली होती.

चाचांनी एक पुस्तक उचललं, ओलं कव्हर ओढून काढलं, आतली शिलाई दाखवली. धागा धड होता. म्हणाले, "जिंदा है." खोलीत दोऱ्या बांधल्या, पंखे लावले, पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट घालून १५ दिवस वाळवली. मग कटरवर तीन बाजूंनी पाच-पाच मिलिमीटर कापलं, पिवळी कड गेली, बुरशीचा काठ गेला आणि मजकुराला धक्का नाही कारण समास पाऊण इंचाचा होता. नवीन कव्हर छापून चढवलं. साइज डेमीपेक्षा बोटभर लहान, पण पुस्तक कोरं करकरीत. ११४० पैकी ८३० वाचली. ३१० रद्दीच्या काट्यावर गेली, ६८ किलो भरली, मी स्वतः वजन बघायला उभी होते. गोंदाची पाठ असती ना, तर ८३० पण त्याच काट्यावर गेली असती. म्हणून सांगते, शिलाई करा, समास सोडा, आणि वितरकाला पहिल्या वेळेला ५० च्या वर प्रत देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.

वाचलेली विकायची कुठे? इथे आमच्या टिळकनगरच्या आजींबद्दल लिहिलंच पाहिजे. शाळेत मुख्याध्यापिका होत्या. पहिल्या पुस्तकापासून प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्यायच्या, एक स्वतःला, एक पुण्याच्या मुलीला, आणि आठवड्याने पेन्सिलीने लिहिलेला चुकांचा कागद आणून द्यायच्या, पान, ओळ, चूक. सवलत कधी घेतली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांचा फोन आला, "अगं, वाचायला काही आहे का? इथे भिंती बघून कंटाळा आला." मी सगळी हकीकत सांगितली, तोपर्यंत बाहेर कोणाला सांगितली नव्हती. त्या म्हणाल्या, "मग दुकानदाराकडे कशाला जातेस, आमच्याकडे ये ना." त्यांनी स्वतःच्या ओळखीत फोन केले, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, देवास, उज्जैन, दोन महिन्यांत ६४ लोकांनी प्रत्येकी १००० रुपये आगाऊ भरले, पुढे जी पुस्तकं निघतील ती त्यातून वळती करायची. कागदवाल्याला निम्मे पैसे त्या ६४ हजारांतून दिले. बांगड्या २०२२ ला सुटल्या. आज अशा आगाऊ भरणाऱ्यांची यादी ४०० च्या वर आहे आणि आमचं निम्म्याहून जास्त पुस्तक दुकानात जातच नाही.

पण यादीवाल्यांना पुस्तक पोचवायचं म्हणजे पोस्ट, आणि तिथे आमचा आधार होता रजिस्टर्ड बुक पोस्ट. ५ किलोचं पार्सल देशात कुठेही ८० रुपयांत जायचं, त्यात आमची १९२ पानी २० पुस्तकं आरामात बसायची, म्हणजे पुस्तकामागे चार रुपये. १८ डिसेंबर २०२४ पासून ती सेवा बंद. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं की मॅडम, कॉम्प्युटरमध्ये तो पर्यायच दिसत नाही. आधी कळवलं नाही, काही नाही. आता २०० रुपयांचं एक पुस्तक नागपूरला पाठवायचं तर पुस्तकाइतकंच पोस्टाचं टेन्शन. आम्ही गावागावात एकेकाच्या घरी गठ्ठा पाठवतो आणि बाकीचे तिथून नेतात. त्यात २०२५ च्या सप्टेंबरात वहीच्या कागदावरचा टॅक्स शून्य केला आणि पुस्तकाच्या कागदावर १२ चा १८. वहीला माफी आणि पुस्तकाला दंड, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता आम्ही आधी १५० प्रती डिजिटलवर काढतो, यादीवाल्यांना जातात, मागणी आली तरच ऑफसेटवर जास्त प्रती. चाचा अजून खोलीत येतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, कटर नातू चालवतो, पण पाठीवरची पायरी तेच बघतात.

नवीन लेखकांना एक. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, कोणालाही पैसे देऊ नका. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, ऑनलाइन अर्ज करायचा. त्याचे दोन-तीन हजार पॅकेजमध्ये लावणारे लोक आमच्या गावातही आहेत. आणि पुस्तक निघालं की १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत गेली का, हे प्रकाशकाला विचारा. मी प्रत्येक पुस्तकाची पोचपावती फाइलला लावते.

मागच्या महिन्यात त्याच वितरकांच्या मुलाचा फोन आला. पदार्थांच्या पुस्तकाच्या १०० प्रती हव्यात, मागणी आहे म्हणाला. बोलायला सभ्य होता, वडिलांचं त्याला माहीत नसावं, मी काढलंही नाही. म्हणलं, २५ टक्के कमिशन, पैसे आधी, भाडं तुमचं. बघतो म्हणाला. पैसे अजून आलेले नाहीत, आणि चाचांना मी बंडल बांधायला सांगितलेलं नाही.