रेडिएशननंतर छातीचा स्नायू आखडतो तेव्हा

स्तनाची गाठ काढल्यावर मला 15 सिटिंगमध्ये 40 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) रेडिएशन मिळालं. सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे. त्वचा कशी जपायची ते सगळ्यांनी सांगितलं, स्नायूबद्दल मात्र फक्त फिजिओथेरपिस्ट बोलल्या. म्हणून तेवढंच लिहिते.

स्तनामागे पेक्टोरॅलिस मेजर हा पंख्यासारखा पसरट स्नायू असतो, त्याखाली छोटा पेक्टोरॅलिस मायनर. किरण तिरके सोडले तरी हे दोघं वाटेत येतातच. बारीक रक्तवाहिन्या दुखावतात, दुरुस्ती करताना शरीर कोलॅजन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, साठवत जातं आणि स्नायू चिवट होतो. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. त्वचेची आग शेवटच्या सिटिंगनंतर आठ-पंधरा दिवसांत शिगेला पोचून उतरते. आपण सुटकेचा श्वास घेतो, आणि आत आखडणं तेव्हाच सुरू होत असतं. पुढे मायनर आखूड झाला की खांदा पुढे ओढला जातो. ब्लाउजचा मागचा हूक लावताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना ते कळतं.

व्यायाम रेडिएशनच्या आधीपासूनच हवा. टेबलावर हात डोक्यावर घेऊन निश्चल पडावं लागतं. खांदा तेवढा वळला नाही, तर प्लॅनिंगचा, म्हणजे किरण कुठे सोडायचे ते ठरवण्याचा, सीटी स्कॅनच लांबतो.

मी भिंतीकडे तोंड करून बोटांनी हात वर चढवत नेते. दर रविवारी जिथवर पोचते तिथे पेन्सिलीची खूण करते, दुसऱ्या हाताचीही. दुसरा व्यायाम दाराच्या चौकटीत: कोपर खांद्याच्या उंचीवर टेकवायचं, एक पाऊल पुढे टाकायचं, छातीत ताण जाणवला की 20 ते 30 सेकंद थांबायचं. असं तीनदा, दिवसातून दोन वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. झटका दिला की स्नायू उलट आवळून धरतो. त्वचा सोललेली असेल तेव्हा चौकटीचा व्यायाम बंद, हात वर नेणं मात्र हळूहळू चालू.

गरम पाण्याची पिशवी रेडिएशन घेतलेल्या भागावर अजिबात ठेवू नका. ती जागा बऱ्याचदा बधिर असते, भाजलेलं कळत नाही.

रविवारची खूण सलग दोन आठवडे खाली आली, हात सुजला, काखेतून दंडाकडे ताणलेल्या दोरीसारखं काही लागलं किंवा नवी गाठ हाताला आली, तर व्यायाम वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.