घाटात दम टाकणाऱ्या जुन्या ट्रकची ओढ कशी वाढवायची

भरलेली जुनी टाटा १६१३ कसारा घाटात दुसऱ्या गिअरवर आली, की मालकाचं मिस्तरीला पहिलं सांगणं ठरलेलं असतं : इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं डिझेल वाढवून दे. पंपाला हात लावायचं काम खरं तर सगळ्यात शेवटचं आहे. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या डिझेल गाडीत ताकद कमी असते ती मुळातून नव्हे. ती ठिकठिकाणी गळालेली असते. आधी गळलेली परत मिळवायची, मग गिअरिंग बघायचं, आणि तरीही कमी पडलं तर मोजून-मापून डिझेल वाढवायचं. इथलं सगळं टाटाचं ६९७ किंवा कमिन्स ६बीटी इंजिन आणि इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा एलिमेंट, सगळे एका रांगेत) असलेल्या गाड्यांना धरून आहे. नव्या, कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या कॉमन रेल गाड्यांचं शास्त्र वेगळं.

अपेक्षा खरी ठेवायला आधी थोडा हिशेब. १६ टनांची गाडी ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ६ मीटर चढताना, चढाचा मागे खेचणारा जोर ९६० किलो असतो. टायरचा रोध साधारण १ टक्का धरला तर आणखी १६०, म्हणजे एकूण ११२० किलो. १३० हॉर्सपॉवरमधून गिअरबॉक्स आणि हाउसिंगचे (मागच्या अ‍ॅक्सलचे) १५ टक्के गेले, की चाकावर ११० उरतात आणि गाडी ताशी २६ किलोमीटरने चढते. इंजिनाची २५ टक्के ताकद गळलेली असेल तर तीच गाडी २० वर येते. उलट धोका पत्करून २० टक्के ताकद वाढवली तर वेग होतो ३२. म्हणजे फक्त दुरुस्तीतून जेवढं मिळतं, तेवढंच जवळपास डिझेल वाढवून मिळतं, आणि दुरुस्तीत इंजिनाला धोका नसतो.

निदानाची सुरुवात धुरापासून करावी. फुल लोडला काळा धूर आणि ओढ नाही, तर हवा कमी पडतेय. धूरही नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी पडतंय. गरम इंजिनाला पांढरट धूर असेल तर टाईमिंग, म्हणजे डिझेल सुटायची वेळ, मागे गेलंय, नाहीतर डिझेल फवारणारं नोझल खराब आहे. निळसर असेल तर ऑइल जळतंय. मग टर्बोचे (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याचे) सील आणि पिस्टनच्या रिंगा बघायच्या. धूर न बघता पंप खोलणारा मिस्तरी अंदाजाने काम करतोय, हे खुशाल समजावं.

डिझेल कमी असण्याचं सर्वांत स्वस्त कारण म्हणजे एक्सिलेटरची लिंकेज. एकाने केबिनमध्ये पेडल पूर्ण दाबावं, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉप स्क्रूला टेकतो का ते बघावं. बुश झिजल्यामुळे जुन्या गाड्यांत लिव्हर बऱ्याचदा आधीच थांबतो. इंजिन बंद करायची वायर अर्धवट खेचलेली राहिली तरी हेच होतं. मग टाकीतली जाळी, टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपाची जाळी, दोन्ही डिझेल फिल्टर. फिल्टर नवे असूनही चढाला इंजिन मरत असेल तर पंपाच्या रिटर्नला पारदर्शक नळी लावून बघा. बुडबुडे दिसले तर टाकी ते फीड पंप या खेचणाऱ्या बाजूला हवा घुसतेय. तिथे डिझेल बाहेर गळत नाही, म्हणून डोळ्याला काही दिसत नाही. जादा डिझेल रिटर्नला सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मऊ पडली की पंपाच्या गॅलरीतला डिझेलचा दाब टिकत नाही. तो साधारण १ ते १.५ बार लागतो. व्हॉल्व्हची किंमत किरकोळ, पण तो तपासणारे थोडे.

टर्बो गाडीत आणखी एक जागा हमखास चुकते. हवेच्या मॅनिफोल्डपासून पंपावरच्या डायफ्रामपर्यंत, म्हणजे एलडीएपर्यंत, एक बारीक पाईप जातो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, आलं की तो डायफ्राम पंपाला जास्त डिझेल सोडू देतो. पाईप तडकला, पाईप जोडणारा पोकळ बँजो बोल्ट काजळीने बुजला किंवा डायफ्राम फाटला, तर पंप कायम रिकाम्या गाडीएवढंच डिझेल देत राहतो. हातपंपाने एलडीएला १ बार हवा द्या आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला तर डायफ्राम गेलाय. अशी गाडी पंपाच्या कॅलिब्रेशनला नेऊन मुख्य डिझेल वाढवलं, की सपाटीला काळा धूर सुरू होतो आणि घाटातलं दुखणं तसंच राहतं.

हवेच्या बाजूने तपासायचं तर फिल्टर आधी. फुल लोडला टर्बोच्या आधीचा अडथळा ६३५ मिमी पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाच्या वर गेला की कागदी फिल्टर बदलायचाच. तो जमिनीवर आपटून झाडू नये, कागदाला बारीक भेगा पडतात आणि त्यांतून आत गेलेली धूळ टर्बोची पाती खाते. मग बूस्टची गळती. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसी कॅप बसवा, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह लावा, १ बार हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारा. होज बाहेरून धडधाकट दिसला तरी आतला थर सुटून रस्ता अडवतो, म्हणून काढून आत बोट फिरवून बघावं.

बाहेर जाणारा धूरही मोकळा जायला हवा. घाटातल्या गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेकची (उताराला धूर अडवून गाडी रोखणारी) झडप काजळीने अर्धी मिटलेली राहते आणि चालकाला पत्ता लागत नाही. ती झडप चालवणाऱ्या हवेच्या सिलिंडरची कांडी सोडून झडप हाताने फिरवून बघा. सायलेन्सरमधला तुटलेला पत्राही असाच श्वास कोंडतो.

नोझल टेस्टरवर सहाही नोझलांच्या उघडण्याच्या दाबात ५ ते १० बारपेक्षा जास्त फरक नको. बसवताना जुना तांब्याचा वॉशर भोकात राहून त्यावर दुसरा पडतो. मग नोझलचं टोक वर राहतं, फवारा चुकीच्या जागी पडतो आणि धूर वाढतो. टॅपेट, म्हणजे झडपांची फट, थंड इंजिनाला लावावेत. ६बीटीला इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी. टाईमिंग मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशावरच ठेवा. ‘थोडं पुढे घेतलं की पिकअप येतो’ हे अर्धसत्य आहे. पिकअप येतो, पण सिलिंडरमधला दाब चढतो आणि भरल्या गाडीत हेड गॅस्केट जातं. एवढं करूनही ओढ नसेल, तर ऑइल भरायच्या तोंडातून किती धूर फेकला जातो ते पाहा आणि कॉम्प्रेशन मोजा. लाइनर-पिस्टन संपलेल्या इंजिनात वरून काहीही केलं तरी ते वाया जातं.

आणि इंजिनाच्या बाहेर? १० किलोमीटर सपाटीला ब्रेक न मारता चालवून चारही बाजूंचे ड्रम लेझर थर्मामीटरने तपासा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय, आणि तेवढी ताकद तिथेच जळतेय.

आता उष्णता. सह्याद्रीत उंचीने फारसं नुकसान होत नाही. लोणावळा-इगतपुरी ६०० मीटरच्या आसपास, तिथे हवा ६ टक्के विरळ. पण पहाटेच्या १५ अंशांपेक्षा मे महिन्याच्या दुपारच्या ४० अंशांत हवा ८ टक्के विरळ असते. भरली गाडी रात्री घाट चढवायची ही चालकांची जुनी सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. शिवाय २० च्या वेगाला समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ-तेलाचा थर बसतो. तो इंटरकूलर सोडवूनच साफ होतो. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारावं आणि दाब बेताचा ठेवावा, नाहीतर पत्त्या वाकतात. इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं चूक आहे. ६बीटीत तोच बायपास बंद करतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत पाण्याच्या पंपाकडे येतं.

गाडीला इंटरकूलरच नसेल तर पैसे आधी तिथे घाला. ३८ अंशांची हवा १ बार बूस्टला दाबली की सुमारे १४० अंशांपर्यंत जाते. ती ६५ पर्यंत उतरवली तर त्याच जागेत जवळपास २० टक्के जास्त हवा मावते, आणि इंजिन जास्त गरम न होता ओढतं.

गिअरिंग हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय. मागच्या हाउसिंगमधली दातांची जोड, म्हणजे क्राऊन-पिनियन, ४१/७ म्हणजे ५.८६. त्याऐवजी ४१/६ बसवला तर ६.८३, म्हणजे प्रत्येक गिअरला चाकावरची ओढ साडेसोळा टक्के वाढते आणि पंपाला हात लागत नाही. हाउसिंगला कोणता सेट बसतो ते पार्ट नंबरावरून आधी पक्कं करा. जोड एकाच सेटची हवी, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) आणि दातांचा ठसा नीट लावलेला हवा. सपाटीचा टॉप वेग त्याच प्रमाणात कमी होतो आणि हायवेला डिझेल जास्त जातं. म्हणून रोज कोकण-घाट करणाऱ्या गाडीलाच हे करावं. महिन्यातून एकदा घाट लागणाऱ्या गाडीला नको.

डिझेल वाढवायचंच असेल तर धुराचं तापमान दाखवणारा पायरोमीटर बसवल्याशिवाय नको. त्याचा के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी कांडी) एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी; भोक पाडताना मॅनिफोल्ड काढून घ्या, लोखंडाचा कण टर्बोत गेला तर पातं मोडतं. लांब चढाला ७०० अंश ही वरची हद्द. डिझेल टेस्ट बेंचवर वाढवावं, पंपाचे सहाही एलिमेंट सारखे ठेवून, ८ ते १० टक्क्यांपर्यंतच. काटा ७०० कडे निघाला तर पाय जोरात दाबण्याऐवजी गिअर पाडा : १२०० आरपीएमला घुसमटणारं टर्बो इंजिन हवा कमी घेतं आणि तिथेच पिस्टन वितळतात. १६०० ते २००० मध्ये ठेवलं तर तेच इंजिन थंड राहतं. पीयूसीची हद्दही लक्षात असू द्या : बीएस-३ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना धुराची घनता २.४५ प्रति मीटर, म्हणजे ६५ हार्ट्रिज युनिट. इंजिनच बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी लागते.

ही कामं झाली की गाडी पूर्वीपेक्षा जास्त वेगाने माथ्यावर पोहोचते आणि त्याच वेगात उताराला लागते. माथ्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून टर्बो थंड होऊ द्या. तेवढ्यात ब्रेकच्या हवेचा दाब बघा. ब्रेकची फट जुळवणारे स्लॅक अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूंना सारखे घट्ट आहेत ना, हे घाटाच्या आधी, भरणीच्या जागीच तपासलेलं बरं. उताराला गिअर माथ्यावरच टाका, चढताना जो लागला तोच किंवा त्याखालचा, कारण मध्येच न्यूट्रल झालेली भरली गाडी परत गिअरला येत नाही.