टेंच लागला आणि आईनं फोन ठेवला

मे महिन्यात इथं इंग्लंडमध्ये नदीवर गळ टाकायचा नाही, १५ मार्च ते १५ जून बंदी, मासे विणीला येतात म्हणून. आपल्याकडं समुद्रात १ जूनपासून असते तसलीच. पण तळ्यांवर बहुतेक ठिकाणी ती लागू नसते, त्यामुळं शनिवारी पहाटे साडेपाचला मी रेडिंगच्या बाहेर एका शेतामागच्या तळ्यावर हजर. तळं केवढं, तर आमच्या गावच्या शेततळ्याहून थोडंसं मोठं. पण रोच, रड, पर्च, ब्रीम, टेंच, कार्प, अशी सगळ्या माशांची भेळ आहे त्यात. नुसते मोठमोठे कार्प कोंबलेली तळी पण इथं पुष्कळ आहेत, तिथं लोकं दोन रॉड मांडून मासा लागला की वाजणारा अलार्म लावतात आणि तंबूत झोपतात. मला ते जमत नाही, झोपायचंच तर घरी गादी आहे की.

मिक्स तळ्यात मजा ही की फ्लोट (दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा) बुडाला तरी खाली कोण आलंय ते कळत नाही. वैताग पण तोच. सुरुवातीला मॅगट लावले (म्हणजे जिवंत अळ्या, डबा आमच्या फ्रीजमध्ये असतो, त्यावरून घरात जे झालंय ते इथं लिहीत नाही). तर अळी तळाला पोचायच्या आतच बोटाएवढे रोच आणि रड ती मधल्यामधे पळवतात. तासाभरात वीसेक काढले असतील, चांदीसारखे चकचकीत, पर लाल, दिसायला झकास पण एवढुसे. मधे गांडूळ लावून एक पर्च काढला, त्यानं पाठीचा काटा अंगठ्यात घातला, म्हणलं बास.

मग डोकं चालवलं. गळाला प्लमेट, म्हणजे खोली मोजायचं वजन, अडकवून परत खोली मोजली, लव्हाळ्याच्या कडेला चार फूट भरली, फ्लोट वर सरकवला म्हणजे आमिष बरोबर तळाला टेकेल, आणि अळीच्या जागी डब्यातल्या स्वीटकॉर्नचे दोन दाणे. बारक्या रोचच्या तोंडात ते मावत नाहीत. भोवती मूठभर दाणे फेकले आणि बसलो. अर्धा तास काहीच नाही. मग फ्लोटशेजारी बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, सोड्याची बाटली उघडल्यासारखे, टेंच तळातला गाळ उकरत खातो तेव्हा असेच येतात, आणि माझा चहा तसाच हातात राहिला.

फ्लोट दोनदा हलला, जरासा वर उचलला आणि तिरका होऊन गायब. आधी वाटलं मुळीत अडकला, मग ती मुळी चालायला लागली! टेंच पळत कमी, रेटतो जास्त, दोनदा लव्हाळ्यात घुसायला बघत होता. जाळीत आला तेव्हा अंदाजे दीड किलो, शेवाळी हिरवा, डोळे लालभडक, अंगाला हात लावला तर ओला साबणच.

ओल्या मॅटवर ठेवून गळ काढतोय तर नेमका आईचा व्हिडिओ कॉल. "केवढाय रे! कालवण करणार का तळणार?" म्हणलं आई, सोडायचाय. इथं सोडतात, म्हणून तर गळाला उलटा काटासुद्धा नसतो, तोंड फाटू नये म्हणून. "मग पकडलास कशाला?" आता ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. वर ह्याचे दिवसाचे दहा पौंड देतो, सरकारी रॉड लायसन वेगळं, हे तर मी बोललोच नाही. तिनं फोन ठेवला.

दुपारी एक कॉमन कार्प पण लागला. म्हणजे भिगवणच्या बाजारात सायप्रिनस म्हणून ढिगानं पडलेला असतो ना, तोच, आपल्याकडं त्याची बँकॉकची जात १९५७ साली आणली होती. आईच्या हातचं त्याचं कालवण मी लहानपणी पातेलंभर खाल्लंय. फोटो काढला, सोडून दिला. फोटो तिला पाठवला नाही.