सात नंबरचा गॅल्व्हनोमीटर

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी मनोगत पाठवा, असा मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा मी बेंगळुरूला हँगरमध्ये होतो. समोर विमानाचं पॅनल उघडं होतं. शाळेबद्दल लिहायचं तर कबड्डीचं मैदान, वडाखालची प्रार्थना, पावसाळ्यात गळणारा आठवी 'ब', सगळंच लिहायला हवं. पण ते बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते शास्त्राच्या सरांबद्दल. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत 'शास्त्राचे सर' एकच.

आमची 1986 ची एसएसएलसी, म्हणजे दहावी. बेळगावच्या सांब्रा विमानतळाची धावपट्टी जवळ, त्यामुळे डोक्यावरून विमान गेलं की सगळा वर्ग खिडकीकडे धावायचा. दुसरे शिक्षक ओरडायचे, सर मात्र खडू खाली ठेवून आमच्याबरोबर खिडकीत येऊन उभे राहायचे. मग विचारायचे, "आत दिवे लागतात, पंखे फिरतात, रेडिओ चालतो. किती करंट जातोय हे त्या पायलटला कसं कळत असेल?" एकदा विचारलं आणि उत्तर न देता पुन्हा फळ्याकडे वळले.

एका ऑगस्टातली गोष्ट. मागच्या कौलारू खोलीतली प्रयोगशाळा, बाहेर धो धो पाऊस. आठ गॅल्व्हनोमीटर, म्हणजे बारीकशी विद्युतधारा दाखवणारे काट्याचे मीटर, होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. माझ्याकडे सात नंबरचा आला. घाईत मी धारा आवरणारी रोधपेटी जोडलीच नाही आणि तीन सेल सरळ मीटरला लावले. खट्‌ असा आवाज झाला. काटा शेवटच्या खिळीवर आदळून वाकला होता. माझ्या पोटात गोळा आला. शाळेत एक मीटर यायला किती वर्षं लागत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"हिकडं आण बघू," सर म्हणाले. त्यांनी खिशातून घड्याळजीकडचा असतो तसला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि मीटर उघडला. आम्ही दहा-बारा जण टेबलाभोवती. आत नालाकृती चुंबक, त्याच्या दोन तोंडांमध्ये तांब्याच्या केसाएवढ्या तारेची गुंडाळी, तिच्या टोकाला चिकटलेला काटा आणि वर-खाली दोन स्प्रिंगा, फुंकर मारली तरी हलतील अशा. "धारा आली की गुंडाळी चुंबकात वळते. स्प्रिंग तिला मागं ओढते. दोघींचं जिथं जमतं तिथं काटा थांबतो. हिला पुरा वळायला एक मिलिअँपिअरसुद्धा लागत नाही. गुंडाळीचा रोध शंभर ओहम, तुझे सेल साडेचार व्होल्टचे. किती सोडलास?" मी बोटांवर हिशेब केला. पंचेचाळीस मिलिअँपिअर. "आता कळलं, का वाकला?" इतकंच म्हणाले. काटा त्यांनी चिमट्याने सरळ केला, दोन दिवस खपून.

त्याच दिवशी शंटही सांगितला, म्हणजे बहुतेक करंट बाजूने वळवणारा, मीटरशेजारी जोडायचा कमी रोधाचा तुकडा. "तुमच्या उसाला पाट आहे का नाही? पाटातलं सगळं पाणी वाटीनं मोजशील? पाटाला बारीक नळी लाव आणि नळीतलं मोज. हजारातला एक भाग नळीत येतोय हे पक्कं ठाऊक असलं की झालं." शब्द नेहमी तिन्ही द्यायचे. मराठीत विद्युतधारा, कन्नडात विद्युत्प्रवाह, वर्कशॉपात करंट. "काटा तिन्हींना तेवढाच हलतो," म्हणायचे. पुढे बेळगावबाहेर पडलेल्या आमच्यापैकी किती जणांना त्या तीन शब्दांनी हात दिला, ते ज्याचं त्यालाच माहीत.

मी वायुसेनेत इलेक्ट्रिकल फिटर झालो. पहिल्यांदा विमानातला ॲमीटर, म्हणजे करंट मोजायचा मीटर, उघडून बघितला आणि अंगावर काटा आला. आत सरांचंच टेबल! 28 व्होल्ट डीसीच्या विमानात जनरेटरचा तीनशे अँपिअरचा करंट कॉकपिटपर्यंत आणायचा तर जाडजूड केबल लागेल, वजन वाढेल, आगीचा धोका वेगळाच. म्हणून शंट तिकडे जनरेटरजवळच बसवतात. तीनशे अँपिअर गेले की त्यावर जेमतेम 50 मिलिव्होल्ट उमटतात. तेवढे दोन बारीक तारांनी पुढे आणायचे आणि मीटरवर अँपिअरच्या खुणा करायच्या. हाच तो पाट आणि हीच ती नळी. शंट मँगनिन या मिश्रधातूचा, कारण तापला तरी त्याचा रोध जवळपास बदलत नाही. गुंडाळी ॲल्युमिनियमच्या चौकटीवर, म्हणजे इंजिनाच्या थरथरीत काटा नाचत राहत नाही. खिडकीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं.

आता डिजिटलचा जमाना आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. शंटवरचे तेच मिलिव्होल्ट वाढवून आकड्यांत बदलतात, किंवा केबलभोवती हॉल सेन्सरचं, म्हणजे करंटचं चुंबकत्व ओळखणारं, कडं घालतात, तार तोडायलाच नको. 400 हर्ट्‌झच्या एसीला करंट ट्रान्सफॉर्मर असतो, मोठा करंट मोजण्याजोगा लहान करून देणारा. चालू लाइनवर त्याच्या दुय्यम, म्हणजे मीटरकडच्या, गुंडाळीची टोकं उघडी ठेवायची नाहीत, जीव घेण्याइतका व्होल्टेज येतो, हे मी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतो. अचूकतेत काटा आकड्यापुढे टिकत नाही. तिरकं बघून चुकीचं वाचायची भीतीही नाही.

पण एक प्रसंग लिहायलाच हवा. दोन इंजिनांच्या एका विमानात शेजारी शेजारी दोन लोडमीटर होते, एकेका जनरेटरवरचा भार दाखवणारे. दोन्ही जनरेटर भार सारखा वाटून घेत असले की काटे समांतर. एका सकाळी उजवा काटा बारीक थरथरत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बरोबरच्या मुलाने केबलला चिमट्यासारखा धरायचा डिजिटल क्लॅम्प मीटर लावला, आकडा स्थिर. "सर, ठीक आहे," तो म्हणाला. तो मीटर सरासरी काढून दाखवत होता, थरथर त्यात विरून जात होती. मी जनरेटर उघडायला लावला. करंट उचलणारे कार्बनचे ब्रश झिजून संपत आले होते, ते ज्यावर घासतात तो फिरता कम्युटेटर काळा पडला होता. त्या क्षणी मला कौलारू खोली आठवली. उघड्या मीटरवर सरांचा श्वास लागून हललेला तो काटा मी पाहिला नसता, तर त्या सकाळी मीही सही करून मोकळा झालो असतो.

सरांना हे सांगायचं राहून गेलं. दर मे महिन्यात गावी यायचो, 'पुढच्या खेपेला' म्हणायचो. पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते गेल्याचं कळलं. ही खंत या अंकाच्या निमित्ताने लिहून ठेवतो.

गेल्या दिवाळीत शाळेत गेलो होतो. कौलारू खोली आता स्टोअर आहे. वर्गात मोठा पडदा आलाय, त्यावर ॲमीटर रंगीत हलतो, छान हलतो. पण मुलांनी तो हातात घेतलेला नाही, हे बघून वाईट वाटलं. मी दहा गॅल्व्हनोमीटर, रोधपेट्या आणि दोन जुने विमानी शंट पाठवतोय. समारंभाच्या दिवशी नववीचा एक तास मला द्यावा, एवढीच मुख्याध्यापकांना विनंती.

शिपाईमामांनी स्टोअरचं कपाट उघडून दिलं. सात नंबरचा खालच्या फळीवर होता. काचेवरची धूळ शर्टाने पुसली. काटा अजून शून्याच्या अर्धा घर डावीकडेच उभा आहे, आणि बाजूला सरांनी चिकटवलेली चिठ्ठी, निळी शाई विटलेली: 'वाचनात अर्धा मिळवा.'