एचटी-२ चे प्लॅन: नाकाचा गुंता सुटला, शेपटीकडचं बाकी

एचटी-२ विमानाच्या मॉडेलसाठी लागणाऱ्या ड्रॉइंगचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. विमान ज्यांच्या परिचयाचं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं दोन आसनी प्रशिक्षण विमान, पहिलं उड्डाण ऑगस्ट १९५१. डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं. माणूस कोल्हापूरकडचा, जर्मनीत गटिंगनला वायुगतिकीतज्ज्ञ प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला. स्पिटफायर नि मस्टँग या परदेशी लढाऊ विमानांचे प्लॅन पैशाला पासरी मिळतात. आपल्या घाटग्यांच्या विमानाचं एक धड ड्रॉइंग मिळायची मात्र मारामार, म्हणून तर यामागे लागलो.

जुन्या थ्री-व्ह्यूंची (बाजूने, वरून आणि समोरून दाखवणाऱ्या ड्रॉइंगांची) खोड तुम्हाला ठाऊकच आहे: एकावरून दुसरं उतरवलेलं, दुसऱ्यावरून तिसरं. तेव्हा चार ड्रॉइंगं जुळली म्हणून हुरळून जायचं कारण नाही. मी आता ड्रॉइंग हातात आलं की आधी इंजिन कोणतं ते बघतो. पहिल्या नमुन्याला जिप्सी मेजर होतं, नंतर १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर आलं. दोन्ही उलटी बसवलेली, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि चारही सिलिंडर एका ओळीत खाली. त्यामुळे पंखा (प्रोपेलर) उंचावर येतो आणि नाक अरुंद राहतं. पुढे काही विमानांना लायकमिंग बसवलं. त्याचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे, म्हणजे वरून पाहताना नाकाचा आकारच वेगळा. माझ्याकडच्या एका ड्रॉइंगवर इंजिनाचा उल्लेखच नव्हता आणि नाक कशाशीच जुळेना. फोटो शेजारी ठेवल्यावर उलगडलं: साइड व्ह्यू सिरसवाल्याचा, टॉप व्ह्यू लायकमिंगवाल्याचा! ते बाजूला ठेवलं. मी सिरसवालंच काढतोय.

दुसरी भानगड झेरॉक्सची. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी ७.५३. म्हणजे १:७२ ला (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाला) अनुक्रमे १४८.९ आणि १०४.६ मिलिमीटर यायला हवेत. माझ्या प्रतीत विस्तार बरोबर, लांबी १०६. दीड मिलिमीटरही नाही, पण खऱ्या विमानात तो फरक दहा सेंटिमीटरचा. कागद एकाच दिशेने ताणला गेलेला. अशा वेळी आख्खं ड्रॉइंग लहान-मोठं करून भागत नाही. स्कॅन करून आडवं आणि उभं वेगवेगळं दुरुस्त करावं लागतं. चाकं त्या भरात लंबगोल झाली तर समजावं, ताण नव्हताच, चित्रकाराने लांबी चुकवली. कागद ताणला गेला असेल तर दुरुस्तीनंतर चाक गोल होतं. माझं झालं.

बंगळूरच्या हेरिटेज सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या विमान-संग्रहालयात, एचटी-२ ठेवलेलं आहे. तिथे जाणाऱ्यांना एकच सांगणं: जवळून वाइड अँगलने काढलेला फोटो दिसायला झकास, ड्रॉइंगला निरुपयोगी. जमेल तितकं लांब उभं राहून झूम करा, कॅमेरा विमानाच्या मध्याच्या उंचीला धरा.

(ओळखीतलं कुणी ना कुणी दरवेळी विचारतंच, “तळपद्यांच्या मरुत्सखाचा प्लॅन आहे का रे?” नाही बाबा. राइट बंधूंच्याही आधी मुंबईत उडाल्याचं सांगतात ते हे विमान, पण ज्याचं एक मापही हाती नाही त्याचं ड्रॉइंग काढायचं म्हणजे निव्वळ चित्रकला.)

सध्या साइड व्ह्यू ट्रेसिंगवर शाईने पक्का झालाय, पंख पेन्सिलीत आहेत. अडलंय ते मागच्या कॉकपिटपासून शेपटीपर्यंतच्या सेक्शन्सवर (आडव्या छेदांवर). पाठ किती गोल आणि पोट किती सपाट, हे साइड व्ह्यूवरून कळत नाही आणि फॉर्मर (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चकत्या) कापायचे तर तेच हवं. कुणाकडे सरळ मागून काढलेला फोटो असेल तर कळवा, धूसर असला तरी चालेल. बदल्यात पुष्पक या छोट्या विमानाचं स्वच्छ केलेलं ड्रॉइंग देतो, पंखांच्या रिबांसकट.