पाऊण तासाचं जेवण

सोमवार, दुपार

बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन आणि मशीनवर गणवेशांचा गठ्ठा. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून एप्रिल-मे म्हणजे आमच्या सोलापूरच्या शिलाईवाल्यांचा हंगाम. पैसे नगावर मिळतात. त्यामुळे लेकीला एक वाटी गुरगुट्या भात भरवायला लागणारा पाऊण तास किती रुपयांचा, हे मला तोंडपाठ आहे. असला हिशोब आईनं करू नये म्हणे. करणाऱ्या बाया मला पुष्कळ माहीत आहेत, बोलत नाहीत एवढंच.

लेक आठ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळं स्नायूंवर नीट ताबा नाही, गिळण्याच्याही. हिचं सगळ्यात अवघड अन्न कोणतं, असं विचारलं तर लोक भाकरी म्हणतील. अवघड आहे ते साधं पाणी. पातळ म्हणून ते तोंडात थांबतच नाही. जीभ आवरेपर्यंत मागं पळतं आणि अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत शिरतं. दाटसर पदार्थ सावकाश सरकतो, गिळायला सवड देतो. म्हणून उन्हाळ्यात आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवायचं आणि गुठळी राहू नये म्हणून गाळून घ्यायचं. तीही लहरी आहे. गार झाली की घट्ट होते, आणि चमच्याबरोबर लाळ भांड्यात गेली की पातळ. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घेते. पाणी पोटात कमी गेलं की दुसऱ्या दिवशी शी खडा होते, पोट फुगतं, मग जेवायला तोंडच उघडत नाही. उजनीचं पाणी नळाला चार-पाच दिवसांनी येतं, त्याची सगळ्या गल्लीला काळजी. मला पिंपातल्यापेक्षा हिच्या पोटात गेलेल्याची जास्त.

आमटी-भातही असाच फसवा. आमटी आधी निघून जाते आणि शितं तोंडात राहतात. दोन्ही पार एकजीव कालवल्याशिवाय चालत नाही.

बुधवार

नणंदेच्या घरी लग्न. पंगतीत एका मावशींनी हिचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "काडी झालीय गं पोरगी. घालतेस ना खायला नीट?" मग खारीक, बदाम, डिंक, तूप, नाचणी अशी सगळी उजळणी झाली. काय घालावं हे मला सगळ्या गावानं सांगितलंय. कसं घालतेस, हे आजवर घरच्यांनी सोडून फक्त थेरपिस्ट ताईंनी विचारलं. मूल बारीक दिसलं की आईच्या हातात खोट, एवढं सरळ गणित लोकांना पुरतं.

ताईंनी आधी घासाला हात लावूच दिला नाही. पाठ सरळ, कंबर आणि गुडघे काटकोनात, पाय हवेत न लोंबता पाटावर टेकलेले, हनुवटी जराशी खाली. मान मागं पडली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि घास नको तिथं जातो. सासूबाईंनी जपून ठेवलेलं चांदीचं बोंडलं याच कारणानं कपाटात गेलं. त्यानं दूध एकदम मागं ओतलं जातं, आणि पाजणारा हात आपसूक बाळाची मान उताणी करतो. सासूबाईंना वाईट वाटलं. याच बोंडल्यानं त्यांनी तीन पोरं वाढवली आहेत.

कधी कधी चमचा दातात आवळला जातो. ती मुद्दाम चावत नाही, जबडाच बंद होतो. ओढला तर आणखी आवळतो. थांबायचं, बोलत राहायचं. सैल झालं की चमचा आपोआप सुटतो. घरात पाहुणे बघत असले की हे थांबणं मोठं जड जातं.

ठसका लागला तर निदान कळतं. काही मुलांना ठसका लागतच नाही, अन्न गुपचूप फुप्फुसाकडं जातं. जेवताना आवाज ओलसर घरघरता झाला, डोळ्यांत पाणी आलं, वारंवार छाती भरून न्यूमोनिया झाला, तर तिकडं लक्ष ठेवायचं. हिला गेल्या पावसाळ्यापासून दोनदा झाला.

शुक्रवार, रात्र

त्यावरूनच डॉक्टरांनी आज पोटातल्या नळीचा विषय काढला. पोटावर लहानसं छिद्र करून बसवतात, अन्न थेट पोटात जातं. आधी गिळण्याची एक्स-रेवरची तपासणी, मग ठरवू म्हणाले. नळीनं पोषण, पाणी, फिटचं औषध बिनघोर आत जाईल. जपून करता आलं तर तोंडानं चवीपुरतं चालूही ठेवता येतं.

रिक्षात आम्ही दोघं बोललो नाही. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण हरलो का गं?" शेजारच्या अक्कांनाही तसंच वाटलं. मला हरल्यासारखं वाटलं नाही, भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी हायसंही वाटलं. रोज तीन वेळा माझ्या हातातला घास तिच्या छातीत तर जात नाही ना, ही धास्ती जेवण संपलं तरी संपत नाही. नंतर अर्धा तास तिला बसवूनच ठेवते आणि श्वास ऐकत राहते.

पण जेवताना ती फक्त पोट भरत नाही. बोलता येत नाही तिला. नको असलं की मान भिंतीकडं वळवते, हवं असलं की माझ्या हाताकडं बघते. दह्यात वाटून कालवलेल्या शेंगाच्या चटणीचं बोट ओठाला लावलं की अख्खा चेहरा हलतो. तिच्या मर्जीनं चालणारी दिवसातली एवढीच गोष्ट आहे. ती नळीकडं गेली तर 'नको' कशाला म्हणणार?

पुढच्या वेळी विचारायचं वहीत लिहिलंय. नळी किती दिवसांनी बदलतात? भोवतीची जागा रोज कशानं पुसायची? घरचं अन्न चालतं की डब्यातली पावडरच लागते, आणि ती महिन्याला कितीला पडते? चटणीचं बोट चालेल का? यांनी खाली आपल्या अक्षरात एक जोडलंय: नळी असली तरी जेवायच्या वेळी हिला आमच्यात बसवायचं, चालेल ना?