पणजीला परतले

यवतमाळकडून मुंबईमार्गे प्रवास करत आज दुपारी करमळीला उतरले. पणजीला रेल्वे स्टेशन नाही याचं मला कधीच वाईट वाटत नाही. त्यामुळेच तर जुने गोवे, रायबंदर करत पोन्ते द लिन्यारिसवरून शहरात शिरता येतं. १६३० च्या दशकात बांधलेला हा सरळसोट रस्ता. उजव्या हाताला मांडवी, डावीकडे मिठागरं. ओहोटी होती. बसच्या खिडकीतून चिखलात उभे बगळे दिसले आणि इतके दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं.

कापूस वेचणाऱ्या बायांवर लिहायला गेले होते. बोंड सुकलं की त्याची टोकं काट्यासारखी होतात. सगळ्याच बायांच्या नखांच्या कडा फाटलेल्या, ओरखड्यांवर ओरखडे. एकीने माझा हात उलटा करून पाहिला, म्हणाली, ‘बाई, तुमचे हात मऊ हायेत.’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

फ्रीलान्स लेखकाला प्रवासभत्ता नसतो. मानधन येईल तेव्हा येईल. तरीही जायलाच हवं होतं. फोनवरून ते हात दिसले नसते.

पणजीच्या मळा भागात घरी पोचले तर शेजारच्या काकींनी पोयी (गोव्याचा पाव) आणि हुमण (माशांची आमटी) आणून ठेवलेलं. ‘आधी जेव गो, मग लिही,’ म्हणाल्या. पोटभर जेवले.

उद्या सकाळी पणजीतल्या पाटो भागातल्या सेंट्रल लायब्ररीत वह्या घेऊन बसणार. लेख छापून आला की ते पान त्या बाईंना पोस्टाने पाठवायचं कबूल केलंय. तोवर दुसरं काम घेणार नाही.